बस म्हणाचं राहिलं

सुभद्रा डांगोरे बाईच्या वर्गात कोणताच पोट्टा उभा दिसत नसे. उत्तर बरोबर येवो का चुको, बाईच्या तोंडून पहिला शब्द निघे तो ‘बस’. शाबासकी मंग, शिव्या मंग. शिक्षा म्हणूनसुद्धा तिनं कोणाले कधी उभं केलं नाही. कान पिळे, पाठीत धपाटा घाले, बापाच्या नावानं उद्धार करे, पण सारं बसवून. दुसरी गोष्ट अशी, का तास संपत आला की पुस्तक मिटे अन् इचारे, ‘‘इचाराचं राहिलं का कोणाचं काही?’’ इचारून गप उभी राहे. इतका वेळ गप, का पुढच्या बाकावरच्या पोट्ट्याइले उगीचच मागं वळून पहावंसं वाटे.

काटोलकडच्या आमच्या गावात लोक म्हणत, बाईनं हे खूळ नागपूरहून आणलं. नागपूरहून आणलं हे खरं. खूळ म्हणाचं का नाही, ते तुम्ही ठरवा.

बाप रुपराव लोकांच्या संत्र्याच्या बागा राखे. माय काटोलच्या मंडीत संत्री निवडे अन् तिच्या बाजूले बसून सुभद्राही निवडे. फळ हातात घेतलं का न चिरता सांगे, हे आतून गेलं. बोटालेच कळे तिच्या. अशी पोरगी शिकत शिकत अकरावी झाली, आमच्या गावातली पहिलीच, अन् नागपूरले मुलींच्या अध्यापक विद्यालयात डी.एड.ले लागली.

अभ्यासात ती पडली नाही. पडली ते शिकवण्यात. मास्तरीण व्हाचं तं आधी सराव पाठ द्यावे लागत. म्हणजे दुसऱ्याच्या शाळेत, दुसऱ्याच्या वर्गात जाऊन शिकवाचं, अन् मागं खुर्ची टाकून कोणीतरी आपले दोष लिहून घ्याचे. शेवटी बाहेरचा परीक्षक येई, तो वार्षिक पाठ. त्यात पास तं सारं पास. त्र्याहत्तर साली वार्षिक पाठात एक पोट्टा काही केल्या बोलेना, तं सुभद्रेच्या तोंडून निसटलं, ‘‘काहून रे, तोंडात भजं आहे काय?’’ वर्ग खो खो हसला. परीक्षक हसला नाही.

अजून एक खेप मिळते, तिसरी मिळत नाही, असं विद्यालयानं कागदावर कळवलं. रुपरावनं कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला अन् म्हणाला, औंदा पडली तं मंडीत टोपले उचल, तिथं काहून म्हटलेलं चालते.

तेव्हापासून सुभद्रेनं आपली जीभ गुंडाळून ठेवली. होस्टेलच्या आरशापुढं उभी राहून ‘मुलांनो, सांगा बरे’ घोटे. विज्ञान शिकवाची पद्धत यमुताई नावाच्या बाई सांगत. केस पांढरे, चष्म्याची काच बाटलीच्या बुडासारखी जाड, शेरा लिहाले लाल शाई. त्याइनं तिले बजावून ठेवलं होतं का टाचणाबाहेर एक शब्द जायचा नाही.

टाचण म्हणजे पाठाचा आराखडा. एका बाजूले बाई काय इचारीन ते, दुसऱ्या बाजूले मुलं काय सांगतीन ते. दुसऱ्या रकान्याचं नावच ‘अपेक्षित उत्तर’. मुलांचं तोंड पाहाच्या आधी त्याइच्या तोंडचे शब्द लिहून ठेवाचे. सुभद्रेले हे पहिल्यांदा ऐकून हसू आलं होतं. नापास झाल्यावर हसू गेलं.

त्या विद्यालयात एक रीत होती. ज्या बाईले चांगले मार्क पडत तिची टाचणवही खालच्या बाया मागून घेत, उतरवून काढत अन् पुढं देत. धरमपेठेतली अरुंधती तिच्यासोबत शिके. तिच्या नात्यातली कोणी दोन वर्षांमागं वार्षिक पाठात पहिली आली होती. ती वही अरुंधतीनं आणली. स्वतः वाचली अन् सुभद्रेले दिली.

‘‘जसंच्या तसं उतरव,’’ ती म्हणाली. ‘‘तुझं डोकं घालू नकोस त्यात.’’

वहीचं अक्षर मोत्यासारखं होतं. पाठ होता ‘पाण्याची वाफ’, वर्ग चौथी ब, शाळा तीच, जिथं सुभद्रेले पाठ द्याचे होते. लिहिणाऱ्या बाईनं एक हुशारी केली होती. कोणता प्रश्न कोणाले इचाराचा, ते कंसात नाव टाकून ठेवलं होतं. चार प्रश्नांपुढं एकच नाव होतं, भागीरथा.

सुभद्रेनं सारं उतरवलं. नावंही उतरवली.

आता पहा, दोन वर्षांमागं चौथीत असलेली मुलं आता चौथीत कशी असतीन? पुढं गेली असतीन सहावीत. एवढी साधी गोष्ट मास्तरीण व्हाले निघालेल्या पोरीच्या ध्यानात आली नाही. कोणाच्याच आली नसती. टाचणात मुलं वाढत नाहीत. फळाले हात लावून सड ओळखणारी सुभद्रा, पण त्या वहीवरून तिचा हात आठ दिवस फिरला अन् तिले काही कळलं नाही.

शाळा जुन्या वस्तीत, कोष्ट्यांच्या गल्लीत होती. दिवसभर आजूबाजूले हातमागाची खटखट चाले. तिथले पोट्टे बनेल. वर्षाले साठ-सत्तर ट्रेनिंगच्या बाया येऊन तेच ते पाठ देत, म्हणून कोणती बाई काय इचारीन हे त्याइले आधीच माहीत असे. वर्गाचे खरे गुरुजी गणपतराव. ट्रेनिंगची बाई आली का ते वर्गात थांबत नसत. व्हरांड्यात स्टुलावर बसत अन् तंबाखू मळत.

जानेवारी महिना होता. सुभद्रा वर्गात शिरली तेव्हा तिची नजर वहीवरच होती. एका एका बाकावर चार चार, पाच पाच पोट्टे दाटून बसले होते, अन् खिडकीकडच्या ओळीत तिसरं बाक मोकळं होतं. हे तिनं पाहिलं, पण तिच्या मनात काही आलं नाही. मागच्या भिंतीले यमुताई खुर्ची टाकून बसल्या.

तिनं फळ्यावर ओलं फडकं फिरवलं. हातभर ओल पडली. पोट्टे पाहत राहिले, ओल कडेकडेनं आटत गेली अन् फळा कोरडा झाला. सुभद्रेनं वहीत पाहून इचारलं, ‘‘फळ्यावरचे पाणी कोठे गेले? भागीरथा, तू सांग.’’

चुळबूळ थांबली. गल्लीतली खटखटही थांबली.

‘‘पाण्याची वाफ झाली आणि ती हवेत मिसळली.’’

आवाज बारीक होता, सर्दी झाल्यासारखा. शब्द वहीतले, एक इकडचा तिकडं नाही. सुभद्रेले हायसं वाटलं. ‘शाब्बास’ म्हणून तिनं त्या प्रश्नापुढं पेन्सिलनं खूण केली अन् मंग वर पाहिलं.

सारा वर्ग मान वळवून खिडकीकडं पाहत होता. तिसऱ्या बाकावर कोणी नव्हतं. नुसता उन्हाचा पट्टा पडला होता. पुढच्या बाकावरची एक चिमुरडी, तिच्याकडं न पाहता, हळूच म्हणाली, ‘‘बाई, ते आता नाही येत.’’

सुभद्रेनं पुढचे प्रश्न दुसऱ्याइले इचारले. भागीरथेचं नाव पुन्हा घेतलं नाही. फळ्यावरचं अक्षर तिरपं गेलं. गल्लीतले माग पुन्हा कधी चालू झाले ते तिले कळलं नाही.

संध्याकाळी वही परत आली. लाल शाईत लिहिलं होतं : ‘पाठ समाधानकारक. भाषा शुद्ध. खिडकीकडील तिसऱ्या बाकावरील मुलगी उत्तर दिल्यानंतर तास संपेपर्यंत उभीच होती. मुलांना बसण्यास सांगावे.’

तिनं शेरा तीनदा वाचला अन् अरुंधतीले दाखवला. अरुंधती हसली. म्हणाली, यमुताईंना त्या चष्म्यातून कपाटसुद्धा उभी मुलगी दिसते. मंग सुभद्रेचा चेहरा पाहून म्हणाली का एक लिंबू त्या बाकावर ठेव, अन् एक यमुताईंच्या खुर्चीवर.

सुभद्रेनंही तेच मानलं. चष्मा जाड आहे. पोट्टे बनेल आहेत, कोण्या पोट्टीनं तोंड न हलवता उत्तर देलं. असं मानलं का झोप येते.

पुढच्या आठवड्यात त्याच वर्गात दुसरा पाठ होता, झाडाचे अवयव. टाचणात नाव कोणाचंच नव्हतं. तरी वर्गात शिरताच सुभद्रेनं खिडकीकडं पाहिलं अन् ओठातल्या ओठात म्हणाली, ‘‘खाली बस.’’ आरशापुढं घोटलेल्या आवाजात म्हणाली. मंग पाठ देला. मूळ, खोड, पान, फूल, सारं नीट झालं. तिले वाटलं, झालं, संपलं.

वहीत लाल शाई होती : ‘मागील सूचनेकडे दुर्लक्ष. तीच मुलगी पाठाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभी. मुलगी आजारी वाटते. शिक्षिकेचे लक्ष असावे.’

ती वही घेऊन यमुताईंच्या खोलीत गेली अन् कोणती मुलगी म्हणून इचारलं.

यमुताईंनी मान वर केली नाही. ‘‘कोणती म्हणजे? तपकिरी परकर, एक वेणी, डोळे तापाने लाल. डांगोरे, वर्गात पन्नास मुले असली तर बाईला पन्नास दिसावी लागतात. तुम्हाला एकोणपन्नासच दिसतात का?’’

सुभद्रेच्या जिभेवर आलं होतं का बाई, तिथं कोणीच नसते. ते तिनं गिळलं. तसं म्हटलं तं दोघींपैकी एकीचं डोकं फिरलं असा अर्थ होते, अन् डोकं फिरल्याचा शेरा यमुताईंच्या नावावर तं पडणार नव्हता.

मंग ती एकटीच शाळेत गेली. दुपारच्या सुटीत गणपतराव गुरुजी स्टुलावर बसले होते. तिनं नुसतं नाव घेतलं अन् त्याइचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

गुरुजी मुळात बोलके. पण हे त्याइनं तुकड्यातुकड्यानं सांगतलं. भागीरथा गल्लीतलीच होती. माय जिजाबाई, विणकरांच्या घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरे. पोरगी एकपाठी. कोणत्याही बाईनं एकदा सांगतलं का ते तिच्या तोंडात जसंच्या तसं बसे. म्हणून ट्रेनिंगच्या बाया तिच्यावर टपून असत. परीक्षक असला का हटकून तिलेच इचारत. वाचता मात्र तिले धड येत नव्हतं. ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. कारण उत्तर अपेक्षित येत होतं ना, मंग कोण खोलात जाते.

दोन वर्षांमागं वार्षिक पाठाच्या दिवशी पोरगी शाळेत आली नाही. दोन दिवसांचा ताप होता. पाठ देणाऱ्या बाईनं घरी निरोप धाडला, नुसतं तासभर ये म्हणावं. जिजाबाईनं पोरीले आणून बाकावर बसवलं अन् बाहेर उभी राहिली.

‘‘चार प्रश्न, चार उत्तरं,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘फर्मास देली पोरीनं. शेवटचं देलं अन् घंटा झाली. परीक्षक उठले. ती बाई त्याइच्या पाया पडाले धावली. सारा वर्ग बाहेर पळाला. पोरगी उभीच. मी आत आलो तं बाक धरून उभी. म्हटलं, काहून उभी वं? तं म्हणे, बाईनं बस नाही म्हटलं. अन् म्हणे, मले बाईले एक इचाराचं होतं, बाई गेल्या काय?’’

सुभद्रेनं दारातून तिसऱ्या बाकाकडं पाहिलं.

‘‘मी म्हटलं, उद्या इचार. घरी जा आता.’’ गुरुजींनी मळलेला तंबाखू हातावरून झाडून टाकला, खाल्ला नाही. ‘‘दारापर्यंत गेली अन् पडली. तिसऱ्या दिवशी आटोपलं. कोणी म्हणे कावीळ, कोणी म्हणे काय. तेव्हापासून ट्रेनिंगची बाई आली का मी आत बसत नाही. पोट्टेबी त्या बाकावर बसत नाहीत. बाक ओलं राहते म्हणतात.’’

‘‘काय इचाराचं होतं तिले?’’

‘‘ते म्या इचारलं असतं तं तू इथं कशाले आली असती, पोरी?’’

वर्ग रिकामा होता. सुभद्रा आत गेली अन् तिसऱ्या बाकावर हात ठेवला. मंडीतल्या सवयीनं बोटं टेकली. वरून लाकूड कोरडं होतं. दाबलं तशी आतून गार ओल बोटाले लागली, सडक्या फळाले लागते तशी. तिनं हात ओढून घेतला. मंग धीर करून ती फळ्यापाशी उभी राहिली अन् रिकाम्या वर्गाले म्हणाली, ‘‘भागीरथा, तुला काय विचारायचे होते?’’

काही झालं नाही. एक चिमणी खिडकीतून आली अन् गेली. होस्टेलले परतताना तिचं तिलेच पटलं, का रिकाम्या खोलीत कोणी कशाले बोलते. वर्ग भरला पाहिजे, बाई शिकवत पाहिजे, तास चालला पाहिजे, तेव्हा पोरगी बोलीन. म्हणजे इचाराचं तं पाठ चालू असतानाच इचाराचं, मागं लाल शाई बसलेली असताना.

अन् ते होणं नव्हतं. सराव पाठ तिचे संपले होते. राहिला होता एक वार्षिक पाठ. त्यात टाचणाबाहेर गेली, रिकाम्या बाकाशी बोलली, का मंडी अन् टोपले.

मार्चात चिठ्ठ्या निघाल्या. कोणत्या बाईनं कोणत्या वर्गावर काय शिकवाचं ते चिठ्ठीवर असे. सुभद्रेनं चिठ्ठी उघडली अन् पुन्हा घडी केली. चौथी ब. सामान्य विज्ञान. पाण्याची वाफ.

टाचण तिनं नव्यानं लिहिलं. कोणाचंच नाव टाकलं नाही.

पाठाच्या दिवशी सकाळपासून ऊन असं होतं का फळ्याची चौकट हाताले चटके दे. परीक्षक मधुकरराव नावाचे बाहेरगावचे गृहस्थ होते. कोट घातलेला, घाम पुसत होते. यमुताई त्याइच्या बाजूले. गणपतराव व्हरांड्यात. सुभद्रेनं साधन म्हणून चार पाट्या ओल्या केल्या अन् निरनिराळ्या बाकांवर ठेवल्या. एक खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर ठेवली. ती तिथं ठेवाचं टाचणात नव्हतं. ठेवली गेली.

पाठ पाण्यासारखा वाहत गेला. प्रश्न पडले, हात वर झाले, उत्तरं आली, सारी अपेक्षित. तोंडातून एक ‘काहून’ निघालं नाही. ज्याले उठवलं त्याले बसवलं. फळ्यावरचं अक्षरही नीट आलं. दोन मिनिटं राहिली तेव्हा परीक्षकांनी पेनाले टोपण लावलं. त्याइचं लिहून झालं होतं, अन् चेहऱ्यावरून दिसत होतं का बरं लिहिलं होतं. आता फक्त गृहपाठ सांगाचा अन् नमस्कार कराचा.

सुभद्रेनं पाट्या गोळा केल्या. पहिली कोरडी, दुसरी कोरडी, तिसरी कोरडी. ती खिडकीपाशी गेली. चौथ्या पाटीवरून पाणी निथळत होतं. आताच कोणी बुडवून काढली अशी. नागपूरचा मार्च, खिडकीतून थेट ऊन, अन् पाटीचं पाणी बाकावरून खाली थेंब थेंब पडून राहिलं.

गल्लीतले माग थांबले होते.

तिले पुढचं सारं दिसलं. आता घंटा होईन. तीही परीक्षकांच्या पाया पडाले धावीन. वर्ग बाहेर पळीन. अन् ही इथंच उभी राहीन, पुढच्या साली नवीन बाई येईपर्यंत. त्या बाईजवळही कोणाचं तरी टाचण असीन.

तिनं टाचणवही मिटली. टेबलावर ठेवली. टोपले दिसत होते डोळ्यांपुढं, तरी ठेवली.

‘‘भागीरथा,’’ ती म्हणाली. आरशातला आवाज कुठल्या कुठं गेला. ‘‘तुले काय इचाराचं होतं वं माय?’’

कोणी हसलं नाही. एकोणपन्नास पोट्टे खिडकीकडं पाहत राहिले. मागं खुर्ची करकरली अन् थांबली.

‘‘बाई, गेलेलं पाणी वापस येते काय?’’

आवाज तोच होता, बारीक. पण शब्द कोणत्याच वहीतले नव्हते.

हे टाचणात नव्हतं. ढग, पाऊस हे सारं पुढच्या पाठात होतं, अन् पुढचा पाठ देणारी बाई दुसरी होती. सुभद्रेनं ओली पाटी छातीशी धरली.

‘‘येते,’’ ती म्हणाली. ‘‘वर जाते, त्याचे ढग होतात, पाऊस होऊन पडते. पण गेलं तिथंच नाही येत. भलत्याच गावात पडते, भलत्याच विहिरीत जाते. अन् आलं तरी कोणाले ओळखू येत नाही का हे तेच पाणी.’’

मंग आवाज आला, ‘‘बरं, बाई.’’

‘‘बस आता,’’ सुभद्रा म्हणाली.

बाक करकरलं. बसताना करकरते तसं, एवढंच. मंग घंटा झाली. पोट्टे नेहमीसारखे पळाले नाहीत, एकामागं एक निघाले. सुभद्रा कोणाच्या पाया पडाले गेली नाही. पाटी हातात होती. पाहिली तं कोरडी ठक्क.

मधुकररावांनी टोपण काढलं अन् पुन्हा लिहाले बसले. यमुताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, घातला, खिडकीकडं पाहिलं, पुन्हा काढला. दारात गणपतराव उभे होते. ते आत आले, तिसऱ्या बाकापाशी गेले, तळहात फिरवला. मंग गुडघे वर करून त्या लहानशा बाकावर जाऊन बसले अन् बराच वेळ तसेच बसून राहिले.

निकाल लागला. अरुंधतीले अठ्ठ्याहत्तर. सुभद्रेले एकेचाळीस. चाळीसले पास होतं. परीक्षकांचा शेरा असा होता : ‘अखेरच्या दोन मिनिटांत टाचण सोडले. भाषा अशुद्ध. पुढील पाठाचा आशय आधीच सांगितला, हे अयोग्य. तथापि विद्यार्थिनीने आपणहून प्रश्न विचारला व उत्तर मिळाल्यावर बसली, असा प्रसंग आज पाहिलेल्या अकरा पाठांत एकच.’

त्या जुन्या वहीतलं ‘पाण्याची वाफ’चं पान सुभद्रेनं अरुंधतीच्या डोळ्यांदेखत फाडलं. अरुंधती चिडली, का लोकांना पुढं काय देऊ. सुभद्रा म्हणाली, माह्यं दे. एकेचाळीस मार्कांचं टाचण कोणी मागितलं नाही.

रुपरावनं निकाल ऐकून घेतला अन् म्हणाला, एका मार्कानं टोपलं वाचलं.

आमच्या गावच्या शाळेत ती लागली ते पंचाहत्तर साली. टाचण ती तिथंही लिही. साहेब मागत, लिहावंच लागे. पण अपेक्षित उत्तराचा रकाना कोरा ठेवे. साहेबानं इचारलं का म्हणे, ‘‘पोट्टे सांगतीन तेव्हा भरीन.’’ त्यावरून दोनदा तिले लेखी समज मिळाली. तिनं दोन्ही कागद नीट घडी करून ठेवले. रकाना भरला नाही.

नागपूरचं ते सारं ती कोणाले सांगत नसे. मले सांगतलं ते एकदाच, चौऱ्याऐंशी साली, अन् त्याले कारण झालं.

त्या साली चौथीत नऊ वर्षांची एक पोरगी नवीन आली. कुंभाराची, बाप वर्धेकडून येऊन आमच्या गावात राहिला होता. नाव वेगळं, तोंडवळा वेगळा, केस तं उवांपायी भादरून टाकलेले. कोणाशी बोलत नसे. बाई त्या दिवशी ‘पाण्याची वाफ’ काढणार होती. फळ्यावर तिनं ओलं फडकं फिरवलं. अजून प्रश्न इचारलाच नव्हता. पोरगी उठून उभी राहिली.

‘‘पाण्याची वाफ झाली आणि ती हवेत मिसळली,’’ ती म्हणाली. घरी पाण्याले ‘पानी’ म्हणणारी पोरगी. पुस्तकी बोली, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. आवाज सर्दी झाल्यासारखा.

अन् बाईनं म्हणाच्या आधीच, आपली आपण खाली बसली.

सुभद्रेनं टेबलाची कड धरली. हे तुले कोणी शिकवलं म्हणून इचारलं. पोरगी तिच्याकडं अशी पाहत राहिली, जशी बाईच विसरभोळी.

‘‘तुम्हीच तं सांगतलं होतं, बाई.’’

गावात हातमाग नाही. तरी काहीतरी चालता चालता थांबल्यासारखं बाईले वाटलं. तिनं नेहमीचंच इचारलं, पण एकटीलेच इचारलं.

‘‘इचाराचं राहिलं का काही?’’

पोरीनं नाही म्हणून मान हलवली.

‘‘मंग पाटी काढ,’’ बाई म्हणाली अन् फळ्याकडं वळली. फळा वाळला होता.